कैरीच्या रंगाची चांदी

मला लाल आणि हिरवा वेगवेगळे दिसत नाहीत. हे वाक्य मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोला वाटतं मला कपड्यांतलं काही कळत नाही. मुलगी म्हणते, बाबा सिग्नलला उगाच पुढच्या गाडीकडे बघत बसतात. विद्यार्थ्यांना वाटतं सर जुन्या वळणाचे आहेत, म्हणून आलेखातल्या प्रत्येक रेघेवर नाव लिहा असा हट्ट धरतात. कच्चा टोमॅटो मी दाबून ओळखतो. ज्याने उभी हयात प्रकाशावर काम केलं, त्या माणसाने हे कोणत्या तोंडाने सांगायचं, असं वाटत राहिलं आणि दिवस गेले. आता पन्नाशी उलटली. माझ्या कामाबद्दल चार लोक चांगलं बोलतात, आणि ते बोलायला लागले की माझी नजर खाली जाते. ती का जाते, ते इथे लिहितो.

घाटकोपरला बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. गिरणी बंद पडल्यावर बाबा मुलुंडच्या एका सोसायटीत पाण्याचे पंप बघायचे, आणि आई घरी साड्यांना फॉल-पिको करायची. त्यामुळे आमच्या घराला नेहमी नव्या साडीच्या खळीचा वास यायचा, आणि त्यावर सुकटीच्या फोडणीचा. पिकोच्या यंत्राचा आवाज सकाळी आमचा चहा उकळायच्या आत सुरू व्हायचा. तो थांबला की शेजारच्या वहिनी डोकावून विचारायच्या, बरं आहे ना? बाहेरच्या खोलीत कॉटवर साड्यांचे गठ्ठे, प्रत्येकात गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी, आणि भिंतीवर बाबांनी खिळे ठोकून केलेली रिळांची फळी. त्या फळीवर जगातले सगळे रंग होते असं लोक म्हणायचे. मला त्यात निळे आणि पिवळे दिसायचे, आणि बाकी सगळी मातीच्या जातीची गर्दी. प्रत्येक रिळाच्या डोक्यावर आईने कागदाची गोल चकती चिकटवून तिच्या शाळकरी अक्षरात नाव लिहिलेलं होतं: डाळिंबी, शेवाळी, गाजरी, मेंदी, विटकरी. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींसाठी ती लिहिली असतील, असं मी धरून चाललो होतो.

शाळेत असताना एकदा आईने मला स्टेशनजवळच्या मॅचिंगच्या दुकानात पाठवलं. कुणाच्या तरी लग्नाचा हिरवा शालू होता आणि मी त्याला तपकिरी फॉल आणला. आईने तो हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली की दुकानदार लबाड आहे, पोराला बघून काहीही गळ्यात मारतो. स्वतः चपला घालून गेली आणि बदलून आली. त्यानंतर ती साडीच्या पदराचा एक धागा कागदाच्या पुडीत घालून द्यायची आणि वर बजावायची, पुडी त्याच्या हातात दे, तू काही बोलू नको, त्याला शोधू दे. गिऱ्हाइकांशी ती शहरातलं मराठी बोलायची, आमच्याशी मालवणी. त्या दुकानदाराला ती बरीच वर्षं शिव्या घालत होती. बिचारा अगदी सरळ माणूस होता.

पुढे मी भौतिकशास्त्राकडे गेलो आणि त्यातही नेमका प्रकाशाकडे. का, ते मला सांगता येत नाही. जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते, तसं काहीसं असेल. संशोधनाला प्रवेश मिळाला तेव्हा डोळे तपासले गेले. ठिपक्यांच्या गोळ्यात लपलेला आकडा वाचायचा होता. रांगेत माझ्या पुढच्या मुलाने जे आकडे सांगितले तेच मी सांगितले, आणि खुर्चीवरून उठलो.

आमची प्रयोगशाळा मानखुर्दच्या बाजूला होती. आम्ही तिथे तिघं: मॅडम, मिलिंद आणि मी. मॅडम कमी बोलायच्या आणि ऐकताना पेन्सिलीचं टोक हनुवटीला लावायच्या. मिलिंद मानखुर्दचाच, आईवडील जालन्याकडून आलेले, घरातला पहिला पदवीधर. त्याला कसलीच भीड नव्हती. काम असं होतं. प्रकाशाला एक खोड आहे. कितीही चांगलं भिंग घेतलं तरी तो आपल्या लाटेच्या साधारण निम्म्याहून लहान ठिपक्यात मावत नाही, पसरतोच. पण चांदीचा अगदी पातळ थर घेतला आणि त्यावर योग्य आकाराच्या खाचा असल्या, तर चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन त्याच्याबरोबर डोलायला लागतात. मग तो चांदीला चिकटून, आखडलेल्या लाटेने पृष्ठभागावरून सरपटत जातो. खाचा वर्तुळात असतील तर सगळीकडून निघालेल्या लाटा मधोमध येऊन भिडतात. तिथे जो ठिपका पडतो तो भिंगाच्या ठिपक्याहून बारीक असायला हवा, असं आमची गणितं सांगत होती. तो प्रत्यक्षात पाडून दाखवायचा होता.

आईने एकदा भाकरीचं पीठ मळता मळता विचारलं, तू थंय करतंस काय? मी दुसऱ्या परातीत पाणी घेतलं आणि परातीच्या कडेला चापट मारली. कडेपासून निघालेल्या लाटा गोल आखडत मध्ये आल्या आणि मधलं पाणी टुणकन वर उडालं. आईने स्वतः दोनतीनदा चापट मारून बघितली. "मधी उडी मारता," ती म्हणाली. एवढंच, मी म्हणालो, फक्त परात धुळीच्या कणाएवढी आणि पाण्याऐवजी उजेड. तिने मान डोलावली आणि पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ भाषणं दिली, याहून सोपं समजावता आलेलं नाही.

वर्तुळं कोरलेल्या काचेच्या टिकल्या आमच्याकडे तयार असायच्या. त्या निर्वात भांड्यात ठेवून वर चांदीची वाफ बसवायची. थर किंचित जाड-पातळ झाला किंवा चांदी शुद्ध राहिली नाही तर सगळं फुकट. ते कळावं म्हणून प्रत्येक टिकलीच्या कडेला बारीक भोकांचा एक पट्टा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. टिकली दिव्यासमोर धरली की त्या पट्ट्यातून रंग दिसायचा. हिरवा आला तर चांदी हवी तशी. पिवळट, नारिंगी, लालसर आला तर टाकून द्या. मोजायचं यंत्र दुसऱ्या विभागात होतं आणि त्याची पाळी लवकर यायची नाही. त्यामुळे मॅडमचं म्हणणं, डोळे आहेत ना, बघा आणि पुढे चला. मिलिंद एका नजरेत सांगायचा. आणि मी टिकली दिव्यासमोर धरून, कपाळाला आठ्या घालून, विचार करत असल्याचं दाखवायचो.

मी वाट काढली. दुपारी चांदी चढवायची, संध्याकाळी टिकल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून घरी न्यायच्या. मॅडमना सांगितलं, पुढचं काम मी सकाळी ताज्या डोक्याने करतो. आईला सांगितलं, आमच्यात अशी रीत आहे की रंग बाहेरच्या माणसाने सांगायचा, म्हणजे आमचा पक्षपात नको. आई जेवणं झाल्यावर ट्यूबलाइटखाली बसायची, चिमट्याने एकेक टिकली उचलायची आणि रिळांशी ताडून बघायची. तिला नुसतं हिरवं म्हणणं मान्यच नव्हतं. ही शेवाळी, ही मेंदी, ही पोपटी. आम्हाला हवी होती ती कच्च्या कैरीच्या सालीच्या रंगाची. ती मिळाली की आई डबीत वेगळी ठेवायची, आणि सकाळी मी ती घेऊन घाटकोपर-मानखुर्द रस्त्याच्या बसने प्रयोगशाळेत जायचो. मिलिंद दारातच म्हणायचा, "आला सराफ. अरे यार, रोज चांदी घरी नेतोस, एक दिवस सोनं करून आण."

टिकलीवर प्रकाशाने बदलणारा लेप द्यायचा, खालून निळा लेझर सोडायचा, लेप धुवायचा. मधोमध ठिपका पडला असेल तर तिथे बारीक खड्डा दिसायला हवा. तो खड्डा डोळ्यांना दिसणाऱ्यातला नव्हता. एक अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागावरून फिरायची आणि तिला लागलेले चढउतार संगणकाच्या पडद्यावर रेघ रेघ करून उमटायचे. माझ्या टिकल्यांवर ती सुई फिरायची आणि पडद्यावर नांगरलेल्या शेतासारखं काहीतरी यायचं. खड्डा नाही. पुन्हा नवी चांदी, पुन्हा कैरी, पुन्हा शेत. असं वर्षाच्या वर गेलं. मॅडम दिवाळीनंतर निवृत्त होणार होत्या आणि ते निर्वात भांडं दुसऱ्या विभागात जायचं ठरलं होतं. म्हणजे माझं काम तिथेच संपणार होतं, आणि मॅडमचंही. त्यांनी या एका ठिपक्यासाठी आपली शेवटची वर्षं घातली होती. त्या कधी रागावल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "गणित चुकलं असेल तर सांग, मला वाईट वाटणार नाही." मी गणित पुन्हा केलं. गणित बरोबर होतं.

गणपती झाल्यावरची एक सकाळ. आई हुकांची डबी शोधत होती. तीही कुंकवाचीच होती. तिने चुकून माझी उघडली, आणि ठेवून न देता एक टिकली उचलून दिव्यासमोर धरली. मी दाढी करत होतो. "काल ही कैरी होती," ती म्हणाली. "आज हिका पाड लागलो."

मी म्हणालो, रात्री ट्यूबलाइट होता, आता उजेड वेगळा आहे. तिने दार लोटून ट्यूबलाइट लावला, काल ताडलेलं रीळ फळीवरून काढलं आणि टिकलीशेजारी धरलं. मला दोन्ही सारखेच दिसत होते. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सावकाश सांगितलं, जशी ती वाण्याकडून आणायचं सामान सांगायची: रीळ कैरीचं. हे मात्र पिवळ्याच्याही पुढे गेलेलं आहे, नारिंगीकडे. आंबा आढीत घातल्यावर होतो तसं.

बस देवनारच्या डंपिंग ग्राउंडजवळून जायला लागली. रोजच्यासारखा कचऱ्याचा धूर रस्त्यावर उतरला होता आणि रोजच्यासारखी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मीही लावला, आणि दुसरा हात खिशातल्या डबीवर गेला. तो वास कशाचा असतो हे मला शाळेपासून माहीत होतं. त्यात गंधक असतो, आणि गंधक चांदीला काय करतो हे तर आमच्या देवघरातल्या निरांजनावरही दिसायचं. मी दर संध्याकाळी ती नाजूक चांदी त्या धुरातून घरी नेत होतो, रात्रभर उघड्या खिडकीखाली ठेवत होतो, सकाळी त्याच धुरातून परत आणत होतो. जी कैरी आई रात्री बघायची ती सकाळी कैरी राहिलेली नसायची, आणि ते ओळखायला प्रयोगशाळेत माझ्याकडे डोळा नव्हता. गणित बरोबर, चांदी बरोबर, वर्तुळं बरोबर. माझं लपवणं तेवढं आड येत होतं. मी मानखुर्दला उतरलो नाही, शेवटच्या थांब्यापर्यंत तसाच बसून गेलो.

तरीही खरं बोलायचं धाडस झालं नाही. आधी उपाय केले. आई चांदीच्या निरांजनाजवळ खडूचा तुकडा ठेवायची, तसा मी डबीत ठेवला. खडूची धूळ टिकल्यांवर बसली आणि मिलिंद म्हणाला, वाट लागली, ही काय शाळेची पाटी आहे का? मिलिंदला रंग विचारता आला असता. विचारलं नाही. शेवटी एका संध्याकाळी आईला म्हणालो, उद्या माझा डबा घेऊन तूच लॅबवर ये. डब्याला निमित्त लागत नाही. तिने का म्हणून विचारलं नाही. फळीसमोर उभी राहून काही रिळं काढली आणि पिशवीत टाकली.

ती आली तेव्हा निर्वात भांडं नुकतंच उघडलं होतं. ती तिची चांगली साडी नेसली होती आणि तिला वर मिलिंदचा पांढरा कोट घालायला दिला, तो तिला गुडघ्यापर्यंत येत होता. मॅडमनी तिला स्टूल दिलं. मी घाईघाईने म्हणालो की आईला रंगांची आवड आहे, बघू दे तिला. आईने चिमटा उचलला, टिकल्या दिव्यासमोर धरल्या, मांडीवर रिळं ओळीने मांडली. मिलिंद म्हणाला, "काकू, हा तुम्हाला फुकट राबवतोय."

"राबवूक दे," आई म्हणाली. "घराक कंटाळा येता." मग एक टिकली बाजूला काढली. "ही आंबट. ही चांगली आंबट. बाकीची गोडाक लागली हत."

मॅडमनी पेन्सिल हनुवटीवरून काढली, ती टिकली स्वतः बघितली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थांबू नकोस. लगेच लेप दे."

पुढचं सगळं मी लगोलग केलं. लेप, गरम तवा, लेझर, धुणं. चांदी भांड्यातून निघाल्यापासून तिला खोलीच्या बाहेरची हवा लागली नव्हती. टिकली सुईखाली गेली तेव्हा दुपार होती, आणि चौघंही त्या छोट्या पडद्यासमोर उभे होतो. सुई एकेक रेघ आणत होती, वरून खाली. पहिली वर्तुळं दिसली, स्वच्छ, कडा धारदार. आधीच्या कुठल्याही टिकलीत ती अशी दिसली नव्हती. पडद्याचं चित्र उजेड-अंधाराचं होतं, त्याला रंग लागत नव्हता. तिथे मी कुणाच्याही बरोबरीने बघू शकत होतो. आतली वर्तुळं आली. मग मधली जागा आली, आणि एका रेघेत काळा ठिपका पडला. पुढच्या रेघेत तो जरा रुंदावला. त्याच्या पुढच्या रेघेत पुन्हा आवळला आणि मिटला. मधोमध. परातीच्या अगदी मधोमध.

मॅडमनी पुढे वाकून खड्ड्याची रुंदी मोजली, पुन्हा मोजली, आणि मला मोजायला लावली. प्रकाशाच्या लाटेच्या निम्म्याहून ती चांगलीच कमी होती. भिंगाला जे जमत नाही ते आमच्या चांदीने केलं होतं. मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांनी चष्मा काढला. मिलिंदने माझ्या पाठीत असा रट्टा घातला की दोन दिवस दुखत होतं. "झकास रे, सराफा," तो म्हणत होता, "झकास." आईने पडद्याजवळ तोंड नेलं. "भोक पडला?" मी हो म्हणालो. "बारीक?" मी म्हणालो, तुझ्या सुईने पाडलेल्या भोकात अशी हजारो मावतील. तिला ते पटलेलं दिसलं नाही, पण ती हसली, आणि म्हणाली, आता जेवा.

बाहेरच्या पायऱ्यांवर बसून आम्ही जेवलो. कुळथाची पिठी, उकडा भात, सुकटीची चटणी. मॅडमनी सुकट पहिल्यांदाच खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. वारा त्या दिवशीही देवनारकडूनच येत होता आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. इतक्या वर्षांनी सांगतो, मानसन्मानाच्या जेवणावळी पुष्कळ झाल्या. त्या पिठीची चव एकीलाही आली नाही.

मॅडम निवृत्त व्हायच्या आत आम्ही ते पुन्हा पुन्हा करून दाखवलं, आईला बोलावून. मग एक ठिपका पुरेना म्हणून मिलिंदने खाचांची मांडणी बदलून ठिपक्यांची रांग पाडली, आणि शेवटी नुसत्या ठिपक्यांची एक कोयरी, साडीच्या काठावर असते तशी, धुळीच्या कणावर मावेल एवढी. प्रकाशाने प्रकाशाच्याच लाटेहून बारीक काढलेली नक्षी. तिचं छापलेलं चित्र आईने बराच वेळ बघितलं, काठ बरा पडला म्हणाली, आणि यंत्राच्या वर भिंतीला चिकटवलं. गिऱ्हाइकं विचारायची, हे कुठलं डिझाइन? तेवढ्यापुरती ती गिऱ्हाइकांशीही मालवणीत सांगायची, झिलाचं, म्हणजे लेकाचं.

पहिल्या दिवशी परतताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर. डंपिंग ग्राउंड मागे पडलं तेव्हा तिने रुमाल नाकावरून काढला आणि बाहेर बघत बघतच म्हणाली, "रिळांवर चिठ्ठ्ये कोणासाठी लावलंय, असां वाटता तुका?"

घाटकोपर आलं, आम्ही उतरलो, तिने नाक्यावरून कोथिंबीर घेतली.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मोतीबिंदू काढल्यापासून तिला निळे रंग फार उठून दिसतात आणि ती सगळ्यांना ते सांगत असते. मी सकाळी काय घातलंय ते ती अजून दारातून बघते आणि शर्ट बदलायला लावते. त्या कामावरचा आमचा लेख जगभर वाचला जातो. विद्यार्थी मला त्याच्यावर सही मागतात. त्यात एक वाक्य आहे: नमुन्यांचा रंग डोळ्यांनी तपासून निवड केली. मॅडमनी ते लिहिलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं आणि मी होकाराची मान हलवली होती. लेखावर आमची तिघांची नावं आहेत. ते डोळे आमच्यातल्या कुणाचेही नव्हते. ते माझ्या आईचे होते. हे त्या लेखाखाली तिच्या नावासकट छापून आणायचं, आणि बसमध्ये तिने विचारलेल्या प्रश्नाला तिच्यासमोर बसून उत्तर द्यायचं, एवढं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.